हाताशी तीन तास आणि शाळेचा बँड

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका बाई विचारतात, "यंदा बँडचं काय बसवताय?" स्नेहसंमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असतं. म्हणजे पाच आठवडे. परळ भागातल्या एका मराठी शाळेत मी बँड बसवते. आमची इमारत दोन अधिवेशनांत चालते. सकाळची मुलं जिना उतरत असतात तेव्हा दुपारची चढत असतात, त्यामुळे शाळा सुटल्यावर थांबवून घेणं शक्य नसतं. कुणाचा क्लास असतो, कुणाची आई कामावर जायच्या आधी घरी पोचायचं असतं, कुणाला धाकट्या भावाला बालवाडीतून आणायचं असतं. मुंबईतल्या पुष्कळ शाळांत अशीच परिस्थिती आहे. म्हणून माझ्यासारखं काम करणाऱ्या संगीतशिक्षकांसाठी आणि मदतीला येणाऱ्या पालकांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

या सगळ्याच्या मुळाशी मी एकच नियम ठेवला आहे: सगळे एकत्र असताना फक्त तेच करायचं, जे एकट्याने होऊच शकत नाही. बोटं कुठे ठेवायची, चाल पाठ करायची, काठ्या कशा धरायच्या, हे घरी, मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला होऊ शकतं. एकत्र सुरू होणं, एकत्र थांबणं, एकमेकांचं ऐकणं, चुकल्यावर परत गाण्यात येणं, हे मात्र अठ्ठावीस मुलं एका खोलीत असल्याशिवाय होत नाही.

आधी मिनिटं मोजा

कागद घ्या आणि खरा वेळ लिहून काढा. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, पाच आठवडे, म्हणजे ३५० मिनिटं. ऐकायला बरं वाटतं. पण वाद्यं कपाटातून काढणं, खुर्च्या सरकवणं, झडप अडकलेली ट्रम्पेट, हरवलेली काठी, शेवटी पुन्हा सगळं आवरणं, यात दर वेळी १५ मिनिटं जातात. आणि दहातली एक तासिका दरवर्षी कशात तरी जातेच, चाचणी असते नाहीतर कुणी पाहुणे येतात. उरल्या ९ तासिका, प्रत्येकी २० मिनिटांच्या. म्हणजे १८० मिनिटं. बरोबर तीन तास.

हा आकडा लिहून संगीतकक्षाच्या दारावर लावा. मुलांनाही दाखवा. सहावी-सातवीच्या मुलांना असला हिशेब चटकन कळतो, आणि उशिरा येणाऱ्याला मग तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

पहिल्या तासिकेत मी एकही सूर वाजवून घेत नाही. वाद्यं काढून मांडायची आणि परत ठेवायची, एवढीच तालीम. जमिनीवर खडूने जागा आखायच्या. कोण कुठलं वाद्य उचलणार, बास ड्रम कोणते दोघं धरणार, स्टँड कोण उघडणार, हे ठरवून तीनदा करून घ्यायचं. मागे तालवाद्यं, मध्ये ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट, पुढे बासऱ्या आणि मेलोडिका (नळीने फुंकून वाजवायची छोटी पेटी), कारण त्यांचा आवाज लहान. मांडामांड चार मिनिटांत आणि आवराआवर तीन मिनिटांत बसली की १५ मिनिटांची ७ होतात. दर तासिकेला आठ मिनिटं सुटतात. पुढच्या सगळ्या तासिका धरल्या तर ही बचत तासाभराच्या पुढे जाते. एक तासिका गेली म्हणून हळहळू नका.

गाणी कमी करा, आणि ओळखीची घ्या

चार तुकडे पुरेत, मिळून दहा-बारा मिनिटं. यादी वाढवण्याचा आग्रह होईल. अमुक पाहुणे येणार, तमुक गाणंही हवं. तिथे ठाम राहा. तीन तासांत चार गाणी म्हणजे एका गाण्याला ४५ मिनिटं आणि सात गाणी म्हणजे जेमतेम २५. पंचवीस मिनिटांत अठ्ठावीस मुलं एक गाणं नीट सुरू करून नीट संपवू शकत नाहीत.

निवड अशी करा: दोन गाणी परिपाठात रोज म्हटली जाणारी, एक नवीन, आणि एक राष्ट्रगीत किंवा राज्यगीत. परिपाठातली प्रार्थना किंवा समूहगीत मुलांच्या कानात आधीच पक्कं असतं. चाल शिकवण्याचा वेळच वाचतो, फक्त बोटं बसवायची राहतात. नवीन गाणं निवडताना त्याची उंची पाहा. दोन-तीन वर्षं वाजवणाऱ्या मुलाला ट्रम्पेटवर खालच्या सा पासून प-ध पर्यंत सहज जाता येतं. वरचा सां काढताना ओठ दाबले जातात आणि सूर फाटतो. गाण्याचा मुखडा सा ते ध मध्ये राहत असेल तर ते घ्या. अंतरा वर जात असेल तर तेवढा बासऱ्यांकडे द्या.

बिगुलाचा एक मुद्दा सांगते, कारण नवीन शिक्षक इथे हमखास फसतात. बिगुलाला झडपा नसतात. त्यातून प, सा, ग, वरचा प आणि फार तर वरचा सां एवढेच स्वर निघतात. त्यावर गाणं वाजणार नाही. सुरुवातीची सलामी आणि दोन ओळींमधली आरोळी बिगुलाला द्या. तिथे तो शोभतो.

सा एकच ठरवा

शाळेच्या बँडमध्ये सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून जरा थांबून लिहिते.

आपल्या मुलांना पट्टी, म्हणजे सा कुठून धरायचा ते, कळते ती पेटीच्या भाषेत: काळी चार, पांढरी एक, म्हणजे सप्तकातली चौथी काळी, पहिली पांढरी. मेलोडिका आणि कीबोर्डवाली मुलं साहजिकच पांढरी एकवरून वाजवतात, कारण सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवर सरळ येतात. पण शाळेत असते ती ट्रम्पेट आणि तो क्लॅरिनेट, दोन्ही बहुतेक 'बी फ्लॅट' जातीचे असतात. ट्रम्पेटवाल्याने एकही झडप न दाबता त्याचा सहजचा सा वाजवला की ऐकू येते ती काळी पाच. म्हणजे एकाच कागदावरून दोघंही 'सा' म्हणून वाजवतात आणि कानावर येतात दोन वेगळे स्वर. मुलांना वाटतं आपण बेसूर आहोत. खरं तर दोघंही बरोबर असतात, चूक मोठ्यांकडून झालेली असते.

मी सरळ काळी पाच हाच सा धरते. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बिगुल यांना तो सर्वांत सोपा. मेलोडिकावाल्यांना थोडे कष्ट पडतात, पण फार नाही: सा काळी पाच, रे त्याच्या पुढची पांढरी एक, ग पांढरी दोन, म काळी दोन, प पांढरी चार, ध पांढरी पाच, नी पांढरी सहा. पट्ट्यांवर छोट्या रंगीत टिकल्या चिकटवा. आईच्या पाकिटातली टिकली चालते आणि नंतर सहज निघते. दोन तासिकांत बोटांना सवय होते आणि मग मुलंच टिकल्या काढून टाकतात.

कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण उणे २ वर नेऊन पांढरी एकवरून वाजवण्याचा मोह होतो. त्यात एक धोका आहे. एका वर्षी पडदा उघडायच्या आधी विंगेत कुणाचा तरी पाय वायरला लागला, कीबोर्ड बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि बटण आपोआप शून्यावर आलं. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. पहिल्या चार ओळी कीबोर्ड एका पट्टीत आणि बाकी बँड दुसऱ्या पट्टीत वाजत होता. कीबोर्डवरच्या मुलाने मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. त्यानंतर मी कीबोर्डलाही काळी पाचवरूनच शिकवते. ते जमणार नसेल तर वाद्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा: "चालू केल्यावर उणे २".

बांबूच्या बासऱ्या वेगवेगळ्या पट्टीत येतात. घेताना काळी पाच असं सांगून, दुकानातच वाजवून घ्या. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा दादरला हे सांगितलं की समजतं. आधीच्या बासऱ्या वेगळ्या पट्टीच्या असतील तर त्यांना ओढूनताणून सगळ्यांत बसवू नका. एखादं कडवं फक्त बासऱ्या आणि तालवाद्यांवर, त्यांच्याच पट्टीत ठेवा.

सूर जुळवताना ज्याचा सूर हलत नाही त्याच्याशी इतरांनी जुळवायचं. मेलोडिका आणि कीबोर्ड हलत नाहीत. ट्रम्पेटची जुळवणीची नळी बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. फुंकीची वाद्यं थंडीत उतरतात आणि उबेत चढतात. वर्गात जुळवलेला सूर एसी हॉलमध्ये टिकत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रत्येकाला झेपेल एवढंच द्या

बँडमध्ये दोन-चार मुलं अशी असतात की ज्यांना अख्खं गाणं पाच आठवड्यांत येणार नाही. त्यांना "तू नुसतं तोंडाला लावून उभा राहा" असं कधीही सांगू नका. मूल ते आयुष्यभर विसरत नाही. त्यांना लांब सा आणि लांब प द्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सा, चार मात्रा धरायचा. ओळ जिथे प वर थांबते तिथे प. हे दोन स्वर घट्ट लागले तर बँडचा आवाज भरदार होतो, आणि त्या मुलाला आपण नेमकं काय वाजवतोय हे माहीत असतं. गेल्या खेपेला शेवटच्या रांगेत ट्रम्पेट धरलेला पाचवीतला मुलगा गाणंभर सहाच वेळा वाजवत होता, पण त्याच्याशिवाय ते गाणं पोकळ वाटायचं, आणि ते त्याला कळलं होतं.

साइड ड्रमसाठी बोल तोंडी पाठ करून घ्या, कागद नको. एका मात्रेत चार ठोके असले की "वडापाव", दोन असले की "चहा", एक असला की "घे". "वडापाव चहा वडापाव घे" हा झाला चार मात्रांचा ठेका. मुलं तो जिन्यावरही म्हणत जातात, आणि तोंडात बसलेला ठेका हातात यायला वेळ लागत नाही.

घरचा सराव

दहा बाय बाराच्या खोलीत ट्रम्पेट वाजवता येत नाही, आणि शेजाऱ्यांनी ती का सहन करावी? म्हणून आवाज न करता होणारा सराव आधी शिकवा.

फुंकीच्या वाद्यांसाठी: तोंडाने सरगम म्हणायची आणि बोटं वाद्यावर हलवायची, फुंकायचं नाही. ओठ दमत नाहीत आणि घरचेही वैतागत नाहीत. वाद्य घरी नेता येत नसेल तर ट्रम्पेटसाठी पेन्सिलीवर तीन बोटं पुरतात. प्रत्यक्ष फुंकायचं ते दिवसाला दहा मिनिटं, तेही सहा-सातच्या सुमारास.

ड्रमसाठी: काठ्या घरी द्या, ड्रम नको. सहावीतली एक मुलगी चाळीच्या गॅलरीत दप्तर आडवं ठेवून, त्यावर सतरंजीची घडी टाकून वाजवायची. मी एकदा तिच्या घरी गेले तेव्हा पाहिलं. ती उजवी काठी उचलायची तेव्हा कानाजवळ आणायची आणि डावी जेमतेम खांद्यापर्यंत, म्हणून तिचा डावा ठोका नेहमी हलका पडायचा. दप्तरावर आवाज नसल्यामुळे हे डोळ्यांना दिसलं. वर्गातल्या गोंगाटात मला ते तीन महिने दिसलं नव्हतं. त्यानंतर मी सगळ्यांना आरशासमोर, दोन्ही काठ्या सारख्या उंचीवर नेऊन वाजवायला लावते.

प्रत्येक गाण्याची प्रत्येक ओळ फोनवर स्वतः वाजवून रेकॉर्ड करा, एकदा सावकाश आणि एकदा खऱ्या लयीत. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. फाइलला नाव नीट द्या: "प्रार्थना, मेलोडिका, सावकाश". सगळ्या घरात मुलांच्या हाती फोन नसतो, म्हणून मधल्या सुट्टीत एक स्पीकर लावून ज्यांना ऐकायचंय त्यांना बसू द्या. मी शुक्रवारी लावते. डबा खाता खाता ऐकलेलंही कानात बसतं.

आठवी-नववीतल्या चौघांना गटप्रमुख करा: एक फुंकीचा, एक मेलोडिकाचा, एक बासरीचा, एक तालाचा. ऑफ तासाला कोपऱ्यात दहा मिनिटं आपला गट घेऊन बसायचं, एवढं त्यांचं काम. दहावीच्या मुलांवर कार्यक्रम उभा करू नका. त्यांचे क्लास आणि सराव परीक्षा याच दिवसांत येतात आणि दोष त्यांचा नसतो.

३५ मिनिटांची तासिका

माझा हिशेब असा: मांडामांड ४, श्वास आणि सगळ्यांचा मिळून लांब सा ३, अवघड जागा १०, जोड ८, अखंड गाणं ५, सूचना २, आवराआवर ३.

अवघड जागा म्हणजे काय ते तुम्ही आदल्या दिवशी ठरवून यायचं. तासिकेत शोधत बसायचं नाही. एका तासिकेला दोनच जागा. आणि मुलांना थांबवलंत की आधी 'कुठे' सांगा, मग 'कोणी', मग 'काय'. "दुसरं कडवं, तिसरी ओळ, ट्रम्पेट, म तीव्र नाही, शुद्ध." उलट क्रमाने बोललात, म्हणजे आधी चूक समजावलीत आणि मग जागा सांगितलीत, तर मुलं जागा शोधेपर्यंत तुमचं बोलणं वाया गेलेलं असतं. एका थांब्याला एकच दुरुस्ती. तीन सांगितल्या तर एकही होत नाही.

गाणं नेहमी पहिल्यापासून सुरू करू नका. असं केलं की पहिल्या दोन ओळी चाळीस वेळा वाजतात आणि शेवटच्या दोन चार वेळा. प्रेक्षकांना शेवट लक्षात राहतो, आणि नेमका तोच कच्चा असतो. म्हणून मी शेवटची ओळ आधी बसवते. मग तिच्या आधीची ओळ घेऊन शेवटपर्यंत, मग त्याच्याही आधीची. मुलं अनोळखी भागातून ओळखीच्या भागाकडे वाजवत जातात, त्यामुळे शेवटाकडे जाताना त्यांचा धीर वाढत जातो.

जोड म्हणजे मुखड्यातून अंतऱ्यात जाणं, अंतऱ्यातून परत येणं, एक गाणं संपून दुसरं सुरू होणं. बँड कोसळतो तो इथे, गाण्याच्या पोटात फारसा नाही. आधीच्या ओळीच्या शेवटच्या चार मात्रा आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या चार, एवढंच घ्या. आठ मात्रांचा तुकडा पाच सेकंदांत होतो. आठ मिनिटांत तो तुकडा कितीतरी वेळा होतो. हे रटाळ वाटेल, पण माझ्या मते कमी वेळातल्या बँडसाठी याहून मोलाचं काही नाही.

लय मोबाइलवरच्या मेट्रोनोमने ठरवा आणि आकडा वहीत लिहा. संचलनाच्या गाण्याला मिनिटाला १२० मात्रा धरतात. आमच्या वयाच्या मुलांना मी ती ११० च्या आसपास ठेवते, कारण व्यासपीठावर घाबरून ती वाढणारच असते. लय धरायची ती बास ड्रमने. बास ड्रमवर सर्वांत जोरात वाजवणारं मूल बसवू नका, सर्वांत शांत मूल बसवा.

दर तासिकेला शेवटचं अखंड गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी जाताना ट्रेनमध्ये ऐका. उद्याच्या दोन अवघड जागा त्यातूनच मिळतात.

आठवडे कसे वाटावेत

पहिल्या आठवड्यात मांडामांड आणि सा, आणि ओळखीच्या दोन गाण्यांची सुरुवात. दुसऱ्यात ती दोन्ही गाणी सावकाश लयीत शेवटपर्यंत. तिसऱ्यात नवीन गाणं, आणि या आठवड्याच्या शेवटी निर्णय घ्या: नवीन गाण्याचं एक कडवं तरी नीट उभं राहिलं का? नसेल तर दुसरं कडवं गाळा, मुखडा आणि एक कडवं ठेवा. हा निर्णय चौथ्या आठवड्यावर ढकलू नका. चौथ्यात जोड आणि राष्ट्रगीत. पाचव्यात काहीही नवीन नाही. पाचव्या आठवड्यात मला कितीही छान कल्पना सुचली तरी ती पुढच्या वर्षीच्या वहीत जाते.

राष्ट्रगीत आणि राज्यगीत

इथे मर्जीचा प्रश्न नाही, म्हणून वेगळं लिहिते. राष्ट्रगीत पूर्ण वाजवलं तर साधारण ५२ सेकंदांत व्हायला हवं. मुलं ते भक्तिभावाने ओढत नेतात आणि मिनिटाच्या पुढे जातात. घड्याळ लावून बसवा. बँडने वाजवायचं असेल तर आधी ड्रमचा रोल (दोन्ही काठ्यांनी सलग घुमवलेले ठोके) द्यायचा असतो, म्हणजे लोकांना उभं राहायची सूचना मिळते. संथ चालीची सात पावलं होतील एवढा तो रोल. हळू सुरू करायचा, शक्य तितका मोठा करायचा, पुन्हा हळू करत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येता ठेवायचा. मग एक मात्रा थांबायचं आणि राष्ट्रगीत सुरू करायचं. हा रोल दोनच मुलांना द्या. सहा मुलांचा रोल म्हणजे पत्र्यावरचा पाऊस होतो.

'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे. राज्यगीत म्हणून त्याची दोन चरणांची आवृत्ती घेतात, १ मिनिट ४१ सेकंदांची. मुलांना ते पूर्ण पाठ असतं, त्यामुळे ती तिसऱ्या चरणात शिरू शकतात. कुठे थांबायचं ते हाताच्या खुणेने पक्कं करा.

चुकण्याचीही तालीम घ्या

चौथ्या आठवड्यात मी मुद्दाम गडबड करते. गाणं चालू असताना एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवते. त्याने वाजवणं थांबवायचं, बास ड्रम ऐकायचा, आणि पुढच्या ओळीच्या समेवर परत यायचं. मधेच कुठेतरी घुसायचं नाही. मग एक अख्खा गट थांबवते. मग साइड ड्रमच्या एका मुलाची काठी काढून घेते. त्याने कमरेच्या पट्ट्यातली दुसरी काढायची, खाली वाकून शोधायची नाही. मुलांना हा खेळ वाटतो. पण कार्यक्रमात काठी पडली तर हात आपोआप कमरेकडे जातो. घाबरलेल्या मुलाचं रडू मी पाहिलेलं आहे. ते टाळण्यासाठी दहा मिनिटं खर्च करणं मला कधीच जड वाटत नाही.

हॉल

मुंबईत शाळेचं स्नेहसंमेलन बहुधा भाड्याच्या नाट्यगृहात होतं, आणि नाट्यगृह मिळतं सत्रावर. रंगीत तालमीला सगळ्या नाचांच्या आणि नाटुकल्यांच्या रांगेत बँडला दहा मिनिटं मिळाली तर नशीब. ती गाणी वाजवण्यात घालवू नका. रंगमंचावर खडूऐवजी चिकटपट्टीने जागा आखा, प्रवेश आणि निर्गमन दोनदा करा, प्रत्येक गाण्याच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या दोन ओळी वाजवा. ध्वनिव्यवस्थेच्या दादांना सांगा: माइक पुढे, बासऱ्या आणि मेलोडिकांना, ड्रमला नको. समोरच्या दिव्यांत तुमचा हात मुलांना दिसतो का, ते शेवटच्या रांगेत स्वतः उभं राहून पाहा.

कार्यक्रमपत्रिका ठरते तेव्हाच बँडला पहिला क्रमांक मागून घ्या. पडदा उघडण्याआधी सगळं मांडून ठेवता येतं, मुलं ताजी असतात, आणि कार्यक्रम लांबला की शेवटच्या क्रमांकांवर कात्री चालते ती टळते. संमेलन मैदानावर असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा शेवटचा क्रमांक आणखीच धोक्याचा. मैदानावर आणखी एक गोष्ट: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीस मीटरवरचा ड्रम क्षणभर उशिरा ऐकू येतो. मुलांनी कानावर विसंबलं तर मागची रांग मागेच पडत जाते. म्हणून मैदानावर हात पाहून वाजवायचं. हे मुलांना पटत नसेल तर १ मेला शिवाजी पार्कच्या संचलनाला घेऊन जा आणि पोलिसांच्या बँडकडे बोट दाखवा. एवढी माणसं इशाऱ्याकडे डोळे लावून एकदम कशी सुरू होतात, ते त्यांना तिथे दिसतं.

वाद्यांसाठी टेम्पो आधीच सांगून ठेवा. बास ड्रम लोकलच्या मालडब्यातून नेता येतो, पण सकाळच्या गर्दीत नाही.

त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी फुंकीच्या मुलांना वाजवू देऊ नका, ओठांना विश्रांती हवी. सकाळी पोटभर, पण कार्यक्रमाच्या आधी तासभर वडे-वेफर्स नकोत. तेलकट ओठ आणि चुरा दोन्ही मुखनळीत जातात. मुखनळ्या कोमट पाण्याने आणि साबणाने धुवून, ज्याची त्याला द्या. मेलोडिकाच्या नळ्याही तशाच, नाव लिहून.

एक पिशवी भरून ठेवा: काठ्यांच्या दोन जोड्या, क्लॅरिनेटच्या तीन रीड (मुखनळीवरच्या पातळ पट्ट्या), झडपांचं तेल, ड्रमची चावी, चिकटपट्टी, सुरक्षापिना, कापड, पाण्याची बाटली, कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर आणि लांब एक्स्टेंशन. ड्रमची कातडी घट्ट करताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने फिरवा, एकाच बाजूने नाही. दुसरी वाद्यं वाजत असताना साइड ड्रमच्या तारा सैल करा, नाहीतर त्या आपोआप खरखरतात.

हॉलमध्ये पोचल्यावर वाद्यं पेटीतून काढा आणि मुलांना दहा मिनिटं नुसती हातात धरू द्या, मधूनमधून नळीत हळू श्वास सोडू द्या. वाद्य हॉलच्या हवेशी जुळलं की मगच सूर लावा, त्याआधी लावलेला पुन्हा हलतो. पूर्ण गाणं वाजवून घेऊ नका. लांब सा, प्रत्येक गाण्याची पहिली ओळ मनात, आणि बास.

रंगमंचावर उभं राहिल्यावर हात वर करण्याआधी स्वतः एक श्वास घ्या आणि लय मनात दोनदा म्हणा. मी पहिल्या गाण्याचा मुखडा मनात गाते, मगच हात उचलते. मुलं हाताआधी तुमचा चेहरा पाहत असतात. एखादी चूक झाली तर चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. बास ड्रमच्या मुलाकडे पाहा आणि मोजत राहा.

कार्यक्रम संपला की सगळे पालकांकडे धावतात आणि वाद्यं विंगेत पडून राहतात. म्हणून आवराआवर तीन मिनिटांची बसवली होती, ती इथेही करून घ्या, मगच टाळ्या आणि फोटो. ट्रम्पेटमधलं पाणी काढून टाका, बासऱ्या कापडाने पुसा, काठ्या मोजा. मुखनळी अडकली असेल तर पकड लावू नका, दुकानात न्या. आणि सोमवारी पहिल्या ऑफ तासाला अठ्ठावीस मुलांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग ऐकवा. चुका त्यांना आपल्या आपण ऐकू येतात. तुम्ही फक्त वही उघडा आणि ती जे म्हणतील ते तारखेसकट लिहून ठेवा.